मोनालीची शिट्टी

दरेकसाच्या जंगलातल्या धबधब्यावर पर्यटकांना नेण्याचं काम मोनालीनं पत्करलं, तेव्हा सेवकराम आठवडाभर लेकीशी बोलला नव्हता. आज मात्र तो गर्दीत मिसळून गुपचूप तिच्या मागोमाग चढून आला होता. धबधब्याखालच्या डोहात वीसेक माणसं डुंबत होती. पाणी गढूळ झालेलं दिसताच मोनालीनं शिट्टी फुंकली. "बाहेर निघा! वरून लोंढा येऊन राहिला!" सगळे निघाले; गोंदियाचा एक व्यापारी तेवढा हसला. "पाच मिनट और, बेटा." "एक मिनिट बी नाही, काका!" ती कमरेइतक्या पाण्यात शिरली. मनगट धरून तिनं त्याला काठावर ओढलं. दोघं खडकावर चढतात तोच लाल पाणी ओंडक्यांसकट डोहात कोसळलं. व्यापाऱ्यानं मागे वळून डोहाकडे पाहिलं. "किसकी बेटी है ये?" सेवकराम पुढे झाला. "मी हिले इथं येऊच देत नव्हतो, शेठ. पण पोरगी माही होय."