साळुंकीची शिकवणी

“पक्षी दिसायला कसाही असू दे,” बाई म्हणाल्या, “पण हुबेहूब माझ्या आवाजात बोलला पाहिजे. आणि तीन महिन्यांच्या आत.”

दुकानदाराने मान डोलावली. चमत्कारिक मागण्यांची त्याला सवय होती. त्याच्या दुकानातली जनावरं बोलायची, आणि बोलायची म्हणजे कुणाची भीडभाड न ठेवता. दारातली मांजर गिऱ्हाइकाला खालपासून वरपर्यंत न्याहाळायची आणि “ह्यांच्याकडे मी जाणार नाही” असं तोंडावर सांगायची. कासव चारदा विकलं गेलं होतं आणि घरात भांडणं फार म्हणून चारदा आपल्या पायांनी परत आलं होतं.

“तीन महिन्यांची घाई कशाला, मावशी?”

“डॉक्टरांनी तेवढेच दिलेत.” बाईंनी हे कपडे शिवून द्यायची तारीख सांगावी तसं सांगितलं. चाळीस वर्षं त्यांनी लोकांचे कपडे शिवले होते. वायदा मोडायचा नाही, हा त्यांचा खाक्या.

मुलगा साता समुद्रांपलीकडे होता. बाप गेल्यावर बाईंनी मशीन चालवून त्याला एकटीने वाढवला. तो दर रविवारी सकाळी दहाच्या ठोक्याला फोन करायचा. चार वर्षांत एक रविवार चुकला नव्हता.

“मी गेल्यावर त्याने फोन कुणाला करायचा?” बाई म्हणाल्या. “एकटा जीव आहे हो तिकडे. शेजारीण रविवारी फोन उचलून पिंजऱ्यापाशी धरीन म्हणालीय. दाणापाणीही तीच बघेल.”

“पण त्याला कळवा तरी. येईल की तो.”

“तेच तर नकोय! कळलं तर हातातलं सगळं टाकून धावत येईल. लागलेली नोकरी घालवून बसेल. मी ओळखते ना माझ्या पोराला.”

“आवाज जरा चिरका आहे,” कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं. “पण बसवता येईल.”

तो म्हातारा पोपट होता. सगळे त्याला मास्तर म्हणत. दुकानातल्या प्रत्येक पक्ष्याला बोलायला त्यानेच शिकवलं होतं आणि हे तो कुणाला विसरू देत नसे.

“मास्तर, जीभ आवरा,” दुकानदार म्हणाला आणि पिंजऱ्यावर फडकं टाकून मोकळा झाला.

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. बाई दुपारी यायच्या, स्टुलावर बसायच्या, खांद्यावर एक तरुण साळुंकी. समोर मास्तर.

“मुलगा काय काय बोलतो ते सांगा, बाई. उत्तरं त्याला धरून बसवावी लागतात.”

बाईंना सगळं पाठ होतं. “आधी म्हणतो, आई, जेवलीस का? मग, गोळ्या घेतेस ना वेळेवर? मग, इथे थंडी फार. मग, कामातून मान वर काढायला वेळ नाही गं. आणि शेवटी, पुढच्या वर्षी नक्की येतो.”

“हा धडा तर—” मास्तर म्हणाला.

फडकं पडलं. “आजच्यापुरतं पुरे,” दुकानदार म्हणाला. मग खालमानेने काउंटर पुसत राहिला. “मावशी, दर वेळी एवढंच बोलतो?”

“एवढं काय कमी आहे? शेजारणीची दोन पोरं गावातच आहेत, उंबरा चढत नाहीत. मागे मी न्हाणीत पडले, कंबर धरली. त्याला सांगितलं तर म्हणाला, इथे थंडी फार. लाइन खराब होती, नीट ऐकू गेलं नसेल बिचाऱ्याला.”

दुकानदाराने पुसलेला काउंटर पुन्हा पुसला.

दहा आठवडे गेले. बाई वाळून अर्ध्या झाल्या, पण शिकवणी चुकवली नाही. साळुंकी हुशार निघाली. “जेवले रे राजा,” असं ती अशी म्हणायची की बाईंनाच आपण बोललो की काय असं वाटायचं. “घेते हो गोळ्या. स्वेटर घालत जा. जिवाला जप. ये रे, वाट बघते.” हे शेवटचं वाक्य शिकवताना बाईंचा गळा दाटून आला होता. साळुंकीने तो दाटलेला गळाही उचलला.

अकराव्या रविवारी चाचणी ठरली. दुकानाला सुट्टी होती, तरी दुकानदाराने बाईंसाठी फळी उघडली. बाई रिक्षातून उतरल्या त्या त्याच्या हाताला धरूनच आत आल्या. फोन साळुंकीसमोर ठेवला. दहा वाजले आणि तो वाजला.

“आई, जेवलीस का?”

“जेवले रे राजा,” साळुंकी म्हणाली.

बाईंनी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. एकदा तरी आपण बोलावं, बाळा, मी चालले रे, असं सांगावं, म्हणून जीव नुसता तुटत होता. पण त्या बोलल्या नाहीत. साळुंकी एकेक उत्तर देत गेली, ना घाई ना चूक.

“पुढच्या वर्षी नक्की येतो.”

“ये रे, वाट बघते.”

फोन बंद झाला. बाई हसल्या आणि तशाच रडायला लागल्या. दुकानदार त्यांच्यासाठी पाणी आणायला आत धावला.

“जमलं हो, मास्तर,” बाईंनी डोळे पुसले. “त्याला पत्तासुद्धा लागला नाही. आता मी सुखाने जाते. पण काय हो, एवढं बोलणं झालं, कुणी एकदाही अडखळलं नाही!”

मास्तरने छाती फुगवली. अशी शाबासकी त्याला बऱ्याच दिवसांत कुणी दिली नव्हती.

“अडखळतील कसे, बाई? तुमची ही साळुंकी काय आणि चार वर्षांपूर्वी तुमच्या मुलाने नेलेला तो तिकडचा पोपट काय, दोघंही माझेच विद्यार्थी.”