शांत जागा

“आजच सांगा, वहिनी. संध्याकाळच्या गाडीनं मी निघालो की मग पत्रं लिहीत बसाल, अन् दोन्ही जागा हातच्या जातील.”

रत्नाकर श्रीरंगचा चुलतभाऊ. इथल्याच दीक्षितपुऱ्यात वाढलेला, आता नोकरीपायी गोव्यात राहणारा. घरच्या लग्नासाठी तो जबलपूरला आला होता आणि परतायच्या दिवशी तोफगोळ्यांच्या कारखान्याच्या वसाहतीत श्रीरंग-हेमलताला भेटायला आला. श्रीरंग दिवसपाळीला गेलेला. कुठं राहायचं ते तूच ठरव, मी तर टेकलो की झोपतो, असं हेमलताला सांगून गेलेला.

लढाई थांबली होती, कारखाना थांबला नव्हता. तिन्ही पाळ्या चालूच होत्या. मात्र बंद झालेल्या रजा पुन्हा मिळू लागल्या होत्या, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच दोघं कुठंतरी जाणार होती, गोव्याला. हेमलतानं समुद्र कधी पाहिलाच नव्हता.

रत्नाकरनं पुन्हा समजावून सांगितलं. एक खोली अगदी किनाऱ्यावर, एका म्हाताऱ्या बाईच्या घरात. दार उघडलं की वाळू. लख्ख ऊन, वारा, ताजी मासळी. खोट एकच, लाटांचा आवाज रात्रंदिवस. दुसरी खोली आत, देवळामागच्या पोफळीच्या बागेत. तिथं सुपारी गळून पडली तरी ऐकू येते. समुद्र बघायचा तर बसनं जावं लागेल.

“मला बागेतलीच पाहिजे,” हेमलता म्हणाली.

एवढ्या लांब येऊन सुपाऱ्या वेचणार का, म्हणून त्यानं तिला चिडवलं. ती हसली, पण हटली नाही. शकु पोटात होती तेव्हापासून ती ही घरघर ऐकत होती. कारखान्याची यंत्रं जशी काही शेजारच्या खोलीतच चालायची. फळीवरची भांडी सारखी थरथरत. बोलायचं तर आवाज चढवून. लेक कुशीत झोपली तरी तिचा श्वास कानावर येत नसे. तो एकदा नीट ऐकायचा होता तिला, बस्स.

झोळीतली शकु दचकून जागी झाली. रडली नाही. डोळे टक्क उघडून छताकडे बघत राहिली.

मग हेमलताच्या ध्यानात आलं. फळीवरची भांडी गप्प झाली होती.

“वा, किती शांत झालं की,” रत्नाकर म्हणाला.

तोवर ती उठली होती. तिनं स्टोव्ह विझवला, पोरीला उचललं आणि अनवाणीच ओट्यावर आली. घरांच्या ओळीतल्या सगळ्या बायका तशाच बाहेर आल्या होत्या. एकीचे हात पिठाचे, एकीचे केस ओले. बारूदीच्या शेडमध्ये काही झालं की आधी सगळ्या कारखान्याची वीज तोडत. धडाका ऐकू येईलच असं नसे. कधी बारूद नुसतीच जळून जाई, आणि तिच्याजवळ असतील ती माणसंही.

श्रीरंग त्या शेडमध्ये गोळे भरायचा.

रत्नाकर मागोमाग बाहेर आला. काय झालं ते त्याला कळेना. त्यानं विचारलं, “श्रीरंग कोणत्या शेडमध्ये असतो?”

शेजारच्या सत्यभामाबाईंनी मान वळवली. “नाव नका घेऊ, भैया. मशीन सुरू होऊ द्या.”

ओळीतली ती रीतच होती. घरघर पुन्हा सुरू होईपर्यंत कुणी आपल्या माणसाचं नाव घेत नसे, दुसरीच्या माणसाचंही नाही. कुणी फाटकाकडे धावत नसे. सगळ्या जणी झाडांच्या शेंड्यांवर धूर शोधत उभ्या राहत. आज धूर नव्हता. पण तेवढ्यावर विश्वास ठेवायला कुणी तयार नव्हतं.

हेमलताला शकुचा श्वास ऐकू येत होता. बारीक, भरभर, एकेक वेगळा. तिला तो ऐकवेना. तिनं पोरीला छातीशी इतकं आवळलं की ती रडू लागली, आणि त्या रडण्यानंच तिला जरा बरं वाटलं.

फाटकाकडून एक जण सायकल मारत आला. न थांबताच ओरडला, “कुछ नहीं हुआ, बहनजी. तार पे बंदर गिर गया था.”

तरीही कुणी जागचं हललं नाही. मग अनवाणी तळव्यांना जमिनीतून थरथर जाणवली. त्यानंतर आवाज आला. सत्यभामाबाईंनी पदरानं तोंड पुसलं. माकड झालं तरी कुणाचं तरी लेकरूच, असं पुटपुटत त्या आपली करपलेली भाजी बघायला आत गेल्या.

घरात भांडी पुन्हा किणकिणत होती. झोळीत ठेवल्या ठेवल्या शकुनं डोळे मिटले. हेमलता खाली बसली. रत्नाकरनं पिशवी खांद्याला लावली. तो कामाचंच बोलला. “चला, मग बागेतली खोली पक्की करून टाकतो.”

“नाही. किनाऱ्यावरची.”

आत्ता तर ती म्हणत होती की शांत जागा पाहिजे. त्यानं परत सगळं सांगितलं. तो आवाज कसा असतो, नव्या माणसाचा तिथं डोळ्याला डोळा कसा लागत नाही, आणि त्यात पोर लहान. तिनं त्याचं सगळं ऐकून घेतलं. मग इतक्या हळू विचारलं की त्या घरघरीत ऐकायला त्याला वाकावं लागलं.

“भाऊजी, तुमचा तो समुद्र मधेच बंद तर नाही ना पडत?”