वरखाली होणारं टेबल

जर्सी सिटीतल्या एका साड्यांच्या दुकानात, मागच्या खोलीत, शैलजाकाकू आणि त्यांच्या दोन मैत्रिणी दिवसभर जमिनीवर मांडी घालून फॉल लावायच्या आणि उठायची वेळ आली की एकमेकींना ओढून उभं करायच्या. एर्गोनॉमिक्समध्ये, म्हणजे शरीराला त्रास न होता काम कसं करावं या विषयात, नुकतंच मास्टर्स केलेल्या केयाला ते बघवेना. तिने तिघींचे गुडघे, कोपर, नजर सगळं मोजलं आणि मालकिणीच्या मागे लागून बटण दाबलं की वरखाली होणारं भलंमोठं टेबल आणवलं. वर 'कामाची प्रत्येक वस्तू हाताच्या टप्प्यात हवी' यावर काकूंना तासभर लेक्चरही दिलं.

पंधरा दिवसांनी ती रिपोर्टसाठी फोटो काढायला आली आणि दारातच थबकली. टेबल पार वर गेलं होतं, आणि त्यावर तिघी जणी छान मांडी घालून फॉल लावत बसल्या होत्या.

"काकू! व्हॉट आर यू डुइंग?"

"अगं, इथे वर उजेड काय मस्त येतो! सकाळी मालकिणीने बटण दाबून आम्हाला वर पाठवलं आणि गेली ती बाहेर."

केयाला हसावं की रडावं कळेना. काकूंनी सुई बाजूला ठेवली आणि वरूनच तिच्यावर डोळे वटारले.



"तूच म्हणाली होतीस ना, सगळं हाताच्या टप्प्यात हवं? मग ते बटण टेबलाच्या खाली कशाला लावलंस? दाब आता, दोन तास झाले, बाथरूमला जायचंय!"