भरवलेला घास

ओक्बाई या नायकाचं वागणं म्हाताऱ्या लेतेकिदानला मुळीच आवडलं नाही. म्हातारी बाई नक्फाचे डोंगर चढून खंदकात आली, तर तिच्या पोराला, मेहारीला, हाक मारायची सोडून हा तिच्या गाढवाची चौकशी करत बसला. मेहारी कुठंय, म्हणून विचारलं, तर आधी म्हणाला दुसऱ्या आघाडीवर पाठवलाय, मग म्हणाला शिकायला पाठवलाय. पुन्हा विचारलं, तेव्हा याला दुर्बीण पुसायची आठवण झाली. म्हणे तुकडीचा नायक. गावी असता तर याच्यावर कुणी शेळ्यासुद्धा सोपवल्या नसत्या.

खंदकावर दगड-लाकडांचं छप्पर होतं, ताठ उभं राहायची सोय नव्हती. समोरच्या टेकडीवर इथिओपियाची फौज, इकडे तिच्यापासून स्वतंत्र व्हायला लढणारी ही पोरं. मधल्या उतारावरची मढी कुणालाच उचलता येत नव्हती. त्या वासात पोरं उवा मारत होती, चहा उकळत होती. एकेकाने येऊन तिचा हात हातात घेतला, पण नजर वर केली नाही. मेहारी ज्याच्या चहाटळपणाचे किस्से सांगायचा, तो झेरूही खाली मान घालून चहा ढवळत राहिला.

दुपारी भाकरी आणि मसूर आले. सगळे एकाच थाळीभोवती बसले. झेरूने पहिला घास तिला भरवला. पाहुणीचा मान म्हणून तिने तो घेतला. मग शेजारच्याने भरवला. मग त्याच्या शेजारच्याने. खा आई, थोडं तरी खा, असं दबक्या आवाजात. शेवटी ओक्बाईने हात पुढे केला. त्याच्या मनगटावरून मसूर ओघळत होते.

तिने ते मनगट धरलं.

"माणूस गेलेल्या घरी असं भरवतात. इथे कोण गेलंय, ओक्बाई?"

वर दगडावर गोळी आपटली. सगळे वाकले. ती वाकली नाही.

ओक्बाई म्हणाला, सांगायची मनाई आहे. युद्ध संपलं की सगळ्या घरांना एकदमच कळवणार आहेत. तोवर घरच्यांनी रडायचं नाही, असा हुकूम आहे.

त्याच्या बोटांतला घास तिने तोंडात घेतला, सावकाश चावला, गिळला. मग पदर डोक्यावर ओढला.

"समोरचे तर वैरीच. त्यांनी मारला. तू त्याच्या थाळीत जेवलास, आणि मला रडायचं तर हुकूम दाखवतोस."