काडी

“पहिल्यांदा विचारतो,” रत्नाकरपंत म्हणाले. “लतिकाबाईंनी मंडळाच्या धर्मशाळेतली खोली येत्या पौर्णिमेपर्यंत सोडावी. मान्य असेल त्यांनी गप्प राहावं. नसेल त्यांनी बोलावं.”

ब्रह्मा घाटावरच्या सभेच्या खोलीत सतरंजीवर बसलेली मंडळी गप्प राहिली. फक्त ढुंढिराजकाकांनी मांडीवरची पाटी उचलून धरली. गळ्याच्या ऑपरेशनात आवाज गेला, तेव्हापासून ते पाटीवरच बोलत. पाटीभर एकच शब्द होता, ‘नाही’.

रत्नाकरपंतांनी पाटी हातातून घेतली आणि पालथी ठेवली. “काका, नियम तुमचाच आहे. विरोध तोंडानं करायचा. लेखी चालत नाही.”

नियम काकांचाच होता. उभा जन्म त्यांनी कॉलेजात पाली शिकवली. लोकशाही काही साहेबानं बोटीतून आणली नाही, आपल्या सारनाथच्या भिक्षूंचा संघ असाच तीन-तीनदा विचारून ठराव करायचा, हे त्यांनीच मंडळाला पटवलं होतं. तीनदा विचारायचं, एक जण जरी बोलला, तरी ठराव बारगळला. मतभेद झाला की भिक्षू लाकडाच्या काड्या वाटत आणि काडी देऊन गुपचूप मत नोंदवत, हेही त्यांनी सांगितलं होतं. ते मात्र नियमात घेतलं नाही. “आपण इथं चार मराठी घरं. काड्या कशाला? काड्या घालणारे आपल्यात कमी आहेत का?” काकाच म्हणाले होते, आणि सगळे पोट धरून हसले होते.

“दुसऱ्यांदा विचारतो.”

काकांनी शेजारी बसलेल्या विश्वेश्वरचा गुडघा धरला. विश्वेश्वर त्यांचा विद्यार्थी. परवाच लतिकाच्या हातची पुरणपोळी खाऊन गेला होता. पण त्याच्या मुलाला रत्नाकरपंतांनी बँकेत चिकटवलं होतं. तो सतरंजीचा दोरा उपटत राहिला.

मग काकांनी स्वतःच तोंड उघडलं. मानेच्या शिरा तटतटल्या. भात्यातून निघावी तशी नुसती हवा बाहेर आली.

“बाबा नाही म्हणताहेत!” दारातून त्यांची मुलगी ओरडली. “दिसत नाही का तुम्हाला?”

“लतिकाताई, सभेत सभासदांनीच बोलायचं,” रत्नाकरपंत म्हणाले. “ आणि काकांना कोण काढतंय? ते राहतील की. तुम्ही तेवढ्या आपल्या घरी जा. नवरा न्यायला तयार आहे, अजून काय हवं?”

लतिकानं पदर मनगटावर ओढून घेतला. तिथला भाजल्याचा चट्टा अजून ओला होता.

बाहेर गल्लीतून महापालिकेच्या निवडणुकीचा भोंगा चालला होता, “भाइयों और बहनों, आपका एक-एक वोट...” तेवढ्यात दिवा गेला, पंखा मंदावला आणि पोरं ओरडली, “बत्ती गुल!”

“असू दे,” अंधारातून रत्नाकरपंतांचा आवाज आला. “तिसऱ्यांदा विचारतो.”

काका गुडघ्यांवर पुढे सरकले. गणपतीच्या तसबिरीखाली उदबत्तीजवळ काड्यापेटी असायची, ती त्यांनी चाचपून काढली. तिच्यातून एक काडी बाहेर घेतली. रत्नाकरपंतांचा हात शोधला, काडी त्यांच्या तळव्यावर ठेवली, आणि ती मूठ आपल्या दोन्ही हातांनी घट्ट मिटून धरली. सोडेनात.

रत्नाकरपंतांनी मुठीतल्या मुठीत काडी चाचपली. मग त्यांनी मूठ सोडवून घेतली.

“पेटीही द्या की, काका. नुसती काडी घेऊन मी काय करू?”

पेटी त्यांनीच ओढून घेतली आणि काडी पेटवली. तेवढ्या उजेडात सगळे दिसले, माना खाली घालून बसलेले. दारातली लतिका जाळ बघून एकदम मागे सरली.

रत्नाकरपंतांनी मेणबत्ती लावली. काडी फुंकली.

“कुणी बोललं नाही,” ते म्हणाले. “ठराव एकमतानं मंजूर.”

आणि जळकी काडी त्यांनी काकांच्या पसरलेल्या हातावर परत ठेवली.