जस्ताशेजारचा पुंजका

“या स्फटिकात औषध घातलंच नव्हतं, सर,” ती म्हणाली.

पडद्यावर प्रथिनाची निळी जाळी होती. मधोमध जस्ताचा अणू, आणि त्याला चिकटून एक हिरवा पुंजका. तिथे इलेक्ट्रॉन आहेत एवढंच त्यावरून कळतं, ते कशाचे आहेत ते आपण ठरवायचं असतं. आठ वर्षांपूर्वी सरांनी त्या जागी औषधाचा रेणू बसवला होता. त्या एका चित्राच्या भरवशावर शोधनिबंध निघाला, मानसन्मान झाले, गोळ्या तयार झाल्या. आता त्या गोळ्या रुग्णांवर तपासल्या जात होत्या.

स्फटिकांची अदलाबदल झाली असेल, असं सर म्हणाले. पण तिने तीन वेगवेगळ्या वेळी वाढवलेले स्फटिक तपासले होते. तिन्हींत पुंजका तिथेच होता. स्फटिक वाढवायच्या द्रावणातलं साधं सायट्रेट, लिंबातल्या आम्लाचा क्षार, तिने त्यात बसवून दाखवलं. ते चपखल बसलं. हिरवं काही उरलं नाही, म्हणजे औषध तिथे कधी बसलंच नव्हतं.

सरांनी चष्मा पुसला. मग आपलं आठ वर्षांपूर्वीचं चित्र उघडलं. औषधाच्या रेणूचं एक टोक जाळीबाहेर लोंबत होतं.

“हे तेव्हाही दिसलं होतं मला,” ते म्हणाले. “ते टोक हलत असेल, म्हणून जाळीत आलं नसेल, असं धरून सोडून दिलं.”

आपल्याला काय हवंय ते आधी विसरायचं आणि मगच पडद्याकडे बघायचं, हे पाच वर्षांपूर्वी त्यांनीच तिला शिकवलं होतं.

निबंध मागे घेत असल्याचं पत्र त्यांनी तिला लिहायला सांगितलं. चूक माझी एकट्याची, असं स्पष्ट घाल म्हणाले. एक प्रत गोळ्या तपासणाऱ्या रुग्णालयाला. सही ते आजच करणार होते.

ती टाइप करू लागली, तोच त्यांचा फोन वाजला. काकू होत्या, सरांच्या पत्नी. त्यांच्या आजारापायीच सरांनी हे प्रथिन हाती घेतलं होतं, आणि औषध तपासायला घेतलेल्या रुग्णांत त्याही होत्या. खोली लहान, त्यांचा आवाज तिच्यापर्यंत येत होता. आज जरा हुशारी वाटतेय, काकू सांगत होत्या. दुपारची गोळी जेवणाआधी की नंतर, तेवढं मात्र परत विसरले.

तिची बोटं थांबली.

सरांनी पडद्याकडे पाठ केली.

“नंतर,” ते म्हणाले. “दोन घास पोटात गेले की घे. चुकवू नकोस.”