कारण घरातच

रात्रभर अंबादासचं रक्त शुद्ध करून झाल्यावर उशाशी ठेवलेलं यंत्र सकाळी म्हणालं, "शरीरातली सूज पुन्हा वाढली आहे. कारण घरातच आहे."

घरात तो आणि बायको शालन, दोघंच. नळी तीच जोडायची.

ती चार दिवस बहिणीकडे गेली, तिच्याऐवजी नर्स आली आणि सूज उतरली. अंबादासचा संशय पक्का झाला. शालन परतली त्या संध्याकाळी त्याने तिच्यादेखत यंत्राला विचारलं, "ही नेमकं काय करते?"

"त्या काहीच करत नाहीत. त्या असल्या की तुम्ही रात्रभर जागे राहून त्यांच्यावर नजर ठेवता. या जागरणाने सूज वाढते."

"केव्हापासून जागताय?" शालनने विचारलं.

"यंत्र आल्यापासून. जीव तुझ्या हातात, म्हणून."

तिने नळी जोडली. अंबादासने डोळे मिटले. झोप मात्र आली नाही.